लेकराला ताप आलाय: सोलापूरच्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात तापाचे तीन हंगाम, असं आम्ही बालरोगवाले आपसात म्हणतो. थंडीत सर्दी-खोकल्याचा, एप्रिल-मेमध्ये उन्हाचा आणि पाऊस सुरू झाला की डासांचा. आईबापांचे प्रश्न मात्र बाराही महिने तेच असतात. रात्री दोन वाजता पोराच्या अंगाला हात लावला तर चटका बसतोय आणि घरातली तीन माणसं चार सल्ले देतायत, अशा वेळी उघडून बघता यावं म्हणून ते इथे घेतले आहेत. घाईत असाल तर "लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?" हा प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर.

अंग गरम लागतंय. म्हणजे ताप आहे का?

आईच्या हाताला अंग गार लागलं तर ताप बहुधा नसतोच. गरम लागलं तर मात्र मोजूनच बघावं, कारण हात नुकताच पाण्यातून काढला असेल तरी समोरचं अंग कढत वाटतं. काखेत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर म्हणजे ताप. ९९ ते १०० म्हणजे कणकण. लक्ष ठेवायचं, औषधाची घाई करायची नाही. संध्याकाळी अंगाचं तापमान तसंही थोडं वर असतं.

"आत ताप आहे, बाहेर दिसत नाही", "हाडात ताप मुरलाय" असं आजी म्हणतात. काखेत नीट मोजून ताप येत नसेल तर आतही ताप नाही. पोर रोडावत असेल, आठवडेच्या आठवडे किरकिर करत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं, पण तो प्रश्न वेगळा.

मोजायचा कसा?

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. पाऱ्याचा काचेचा असेल तर आता बाजूला ठेवा. तो फुटला की पारा फरशीच्या फटीत जाऊन बसतो. काखेतला घाम पुसा, थर्मामीटरचं टोक नेमकं काखेच्या खोबणीत बसवा, हात छातीशी धरा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. शर्टावरून लावू नका. आंघोळ झाल्या झाल्या किंवा उन्हातून आल्या आल्या मोजू नका, वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. कपाळासमोर धरायची बंदूक मेच्या दुपारी पत्र्याच्या घरात काहीही आकडा दाखवते, तिच्यावर औषध ठरवू नये.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल, तर वाट बघायची नाही. घरी औषध देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री असेल तर रात्रीच निघायचं. (उकाड्याने तापलेल्या नवजात बाळाचं आणि लसीनंतरच्या तापाचं खाली वेगळं सांगितलंय.) एवढ्या लहान बाळाच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जंतुसंसर्ग झाला, तरी वरून ते फक्त थोडं सुस्त दिसतं.

मोठ्या मुलात आकड्यापेक्षा लेकराकडे बघा. १०३ ताप असलेली चार वर्षांची मुलगी बाकावर बसून आईच्या पिशवीतला चिवडा शोधत असते, तिची आम्हाला फार काळजी वाटत नाही. शेजारी १०० ताप असलेलं बाळ मान टाकून पडलेलं असतं, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. त्याला आम्ही रांग मोडून आत घेतो.

तेव्हा पुढच्यापैकी काहीही दिसलं तर लगेच निघा: ताप उतरलेला असतानाही पोर मलूल राहतंय, ओळख देत नाही, अंगावर घेतलं तरी पीत नाही, किंवा प्यालेलं सगळं ओकतंय, आकडी आली, मान ताठ झाली, बाळाची टाळू फुगली, सहा-आठ तास लघवी झाली नाही, हातपाय गार पण पोट कढत, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके होत नाहीत.

श्वासही मोजा. पोर शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर न्यूमोनिया असू शकतो.

यातलं काही नसेल आणि पोर तापाच्या मधल्या वेळात हसतंय, खेळतंय, तर तिसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. पाच दिवसांच्या वर ताप राहिला तर कितीही खेळकर असलं तरी तपासणी हवीच.

वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. सिव्हिलमध्ये बालरोग विभागात रात्रीही डॉक्टर असतात, आणि तिथे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

ताप डोक्यात गेला तर?

सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य हेच. जंतुसंसर्गाने येणारा ताप मेंदू स्वतःच ठरवून चढवतो. जंतूंशी लढायला तो उपयोगी पडतो, आणि साधारण १०५-१०६ च्या पुढे मेंदू तो सहसा जाऊ देत नाही. १०३-१०४ तापाने मेंदूला इजा होत नाही. मेंदूज्वरात ताप येतो आणि मेंदूलाही इजा होते हे खरं, पण ती इजा ताप करत नाही, जंतू करतात. उन्हाच्या झटक्याचं गणित वेगळं आहे, ते खाली सांगितलंय.

पॅरासिटामॉल किती द्यायचं?

वयावर नाही, वजनावर. एका किलोला १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारच्या वर डोस नकोत.

खरी गफलत पुढे होते. बाजारात एकाच औषधाच्या तीन-चार ताकदीच्या बाटल्या आहेत. समजा लेकराचं वजन १० किलो, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाटलीवर "५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम" लिहिलं असेल तर ६ मिली द्यायचं. "५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर ३ मिली. ड्रॉप्सची बाटली "१ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम" अशी असेल तर फक्त दीड मिली. गेल्या वेळची बाटली १२५ ची होती, या वेळी मेडिकलवाल्याने २५० ची दिली आणि घरात "सहा मिली" हे पाठ झालेलं असेल, तर पोटात दुप्पट औषध जातं. उलटंही होतं: ड्रॉप्सचे चार थेंब पाजून "औषधाने ताप उतरत नाही" म्हणत येणारे पुष्कळ. म्हणून बाटलीवरची ती बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात का होईना, दरवेळी वाचा.

घरातला चमचा वापरू नका, एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो. बाटलीवरचं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओकलं तर पुन्हा द्या. अर्धा-पाऊण तास उलटून गेला असेल तर देऊ नका. सर्दीच्या पातळ औषधातही कधीकधी पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना (लसीनंतर असेल तर नर्सताईंना) विचारल्याशिवाय काहीच नको.

औषध दिलं तरी ताप पूर्ण उतरत नाही, आणि चार तासांनी पुन्हा चढतो. औषध बदलायचं का?

नाही. औषधाचं काम ताप एक-दोन डिग्रीने खाली आणून पोराला जरा बरं वाटू देणं, एवढंच. १०३ चा १०१ झाला आणि लेकरू उठून बसलं, तर औषधाने आपलं काम केलं. विषाणू शरीरात असेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच दिवस, ताप चढ-उतार करत राहणारच. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलणारे आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक गाठणारे पालक असतात. तिसऱ्याकडे ताप आपोआप उतरायची वेळ आलेली असते, आणि नाव त्याचं होतं.

पोर शांत झोपलंय आणि अंग गरम आहे, तर डोससाठी उठवायची गरज नाही.

आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड ही जोराची औषधं चालतात का?

पहिलं औषध पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला डॉक्टर सांगू शकतात, पण ओकाऱ्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल, कांजिण्या असतील किंवा डेंग्यूचा संशय असेल तर ते नको. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक तापात डेंग्यूचा संशय ठेवावाच लागतो, त्यामुळे मी ते त्या दिवसांत टाळतो. मेफेनॅमिक अॅसिड आपल्याकडे उगाचच लाडकं आहे. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्यातून क्वचित होणाऱ्या गंभीर अॅलर्जीबद्दल इशारा दिला. निमेसुलाइड या तापाच्याच आणखी एका औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. अॅस्पिरिन तापासाठी मुलांना अजिबात नाही.

तापाबरोबर खोकला असला की कफ सिरप मागितलं जातं. दोन वर्षांच्या आत ते नकोच, पाच वर्षांच्या आतही सहसा नको. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच पुन्हा बजावलं. वर्षाच्या वरच्या मुलाला मध चाटवा, वर्षाच्या आत मधही नाही.

मिठाच्या पाण्याच्या घड्या, कोलन वॉटर, बर्फ?

कपाळावरची घडी आईच्या मनाला आधार देते, तापाला फारसं काही करत नाही. ठेवायची तर साध्या पाण्याची ठेवा. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाने कोमट पाण्याने अंग पुसलं तर थोडं बरं वाटतं. बर्फाच्या किंवा गार पाण्याने पोर कुडकुडतं आणि कुडकुडण्यातून उष्णता आणखी तयार होते. कोलन वॉटर आणि स्पिरिट नकोच, लहान बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून ते आत जातं.

आणि ती सोलापुरी चादर! आपल्या शहराचा अभिमान खराच, पण तापलेल्या बाळाला तिच्यात गुंडाळून, वर कानटोपी घालून आणू नका. हुडहुडी भरली असेल तेवढ्यापुरतं पांघरूण द्या, ती थांबली की काढा. एक सुती झबलं पुरे. पंखा चालतो. कोमट पाण्याने आंघोळ चालते.

उन्हाळ्यातला ताप कसा ओळखायचा?

आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. तेव्हा दोन गोष्टी होतात, आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

एक, नवजात बाळ. घरात उकडतंय, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं आहे, आईचं दूध अजून नीट उतरलेलं नाही. अशा बाळाचं अंग नुसत्या उष्णतेने तापतं. कपडे सैल करा, हवेशीर जागी आणा, अंगावर पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. मधल्या वेळात बाळ सुस्त वाटलं तर पुन्हा मोजत बसू नका, निघा. तापमान उतरलं आणि बाळ नीट प्यायलं तरी त्या दिवशी एकदा डॉक्टरांना दाखवाच. उतरलं नाही तर लगेच.

दुसरी, उष्माघात. भर दुपारी क्रिकेट खेळून आलेलं किंवा बंद गाडीत राहिलेलं मूल बरळायला लागतं, तोल जातो, अंग भट्टीसारखं आणि तापमान १०४ च्या वर. इथे मेंदूने ताप चढवलेला नसतो, शरीराची गार व्हायची यंत्रणाच बंद पडलेली असते. म्हणून पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. वर घड्यांबद्दल जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं इथे करायचं: सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवा आणि हे करत करतच दवाखाना गाठा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ही इजा मेंदूपर्यंत जाते, आणि ती मिनिटांवर अवलंबून असते.

तापात आकडी आली तर?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरात दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय झटके देतात, ओठ काळेनिळे होतात. बघणाऱ्याला वाटतं, लेकरू गेलं. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते.

तेवढ्या वेळात एवढंच करा. खाली जमिनीवर एका कुशीवर झोपवा, गळ्याभोवतीचं सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवू नका; कांद्याने आकडी थांबली असं वाटतं, कारण ती तशीही थांबणारच होती. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली तर तडक दवाखाना. लवकर थांबली तरी पहिली आकडी असेल तर त्याच दिवशी दाखवायचंच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, एकाच बाजूला झटके आले, एका दिवसात दोनदा आली किंवा अर्ध्या तासानेही पोर नीट शुद्धीवर नसेल, तर दाखल करतात.

तापातली साधी आकडी म्हणजे फेफरं नव्हे. बुद्धीवर परिणाम होत नाही. साधारण तिघांत एकाला ती पुन्हा येते, म्हणून घरी ठेवायला मिडाझोलामचा, म्हणजे आकडी थांबवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात. तो कसा मारायचा हे दवाखान्यातच शिकून घ्या.

डेंग्यू आहे का हे कसं कळणार?

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, हंडे भरलेले. डेंग्यूचा डास, अंगावर पांढरे पट्टे असलेला, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावूनही डेंग्यू होतो, आणि दुपारी झोळीत झोपलेल्या बाळाला मच्छरदाणीची गरज जास्त. नळ येईल त्या दिवशी बॅरल नुसतं वरून भरू नका. तळाचं पाणी काढा आणि आतली कड काथ्याने घासा: अंडी तिथे चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. नंतर तोंडाला घट्ट कापड बांधा. कूलरमधलं पाणी लक्षात ठेवा, ते सगळे विसरतात.

आजाराचं म्हणाल तर जोरात ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगदुखी, चेहरा लाल, आणि सर्दी मात्र नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, त्यानंतर आयजीएम ही रक्ताची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

डेंग्यू फसवतो तो ताप उतरल्यावर. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप जातो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागून पोर कोसळू शकतं. ताप उतरला पण पोट खूप दुखतंय, ओकाऱ्या थांबत नाहीत, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, पोर अस्वस्थ किंवा झोपाळू, असं दिसलं तर त्याच क्षणी निघा.

प्लेटलेट्सच्या आकड्यावरून घरात फोनाफोनी सुरू होते. आकडा कमी झाला म्हणून प्लेटलेट्स चढवत नाहीत; रक्तस्राव होतोय का, नाडी-रक्तदाब कसा आहे, यावर ते ठरतं. पपईच्या पानांच्या कडू रसाने पोरं ओकतात आणि अंगातलं होतं नव्हतं पाणी जातं. त्यापेक्षा ओआरएस पाजा.

विडाल पॉझिटिव्ह आली. टायफॉइड झाला का?

विडाल ही टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची तपासणी. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारू नये. पहिल्या आठवड्यात ती बहुधा चुकते, आणि आधीच्या संसर्गामुळे उगाच पॉझिटिव्हही येते. टायफॉइडचा खरा संशय असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, करायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठलं औषध लागू पडेल तेही त्यातून कळतं. टायफॉइडची लस सहा महिन्यांनंतर देता येते, जरूर द्या.

तापाच्या पहिल्या दिवशी "सगळ्या टेस्ट करून टाका" म्हणून फायदा नाही, रक्तात तोवर बहुधा फारसं काही दिसत नसतं. याला अपवाद लघवीचा. लहान बाळाला ताप आहे आणि सर्दी, खोकला, जुलाब काहीच नाही, तर लघवी तपासायलाच हवी. मूत्रमार्गाचा संसर्ग मुलींत बऱ्याचदा असाच लपतो.

एक सुई मारा, अँटिबायोटिक द्या, सलाईन लावा. का देत नाही?

बहुतेक ताप विषाणूचे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तापाच्या सुईत बहुधा तेच पॅरासिटामॉल असतं. तोंडाने घेतलेलंही तेवढंच काम करतं आणि कुल्ला दुखत नाही. सलाईन हे पाणी, मीठ आणि साखर. जे पोर पिऊ शकतंय त्याला त्याची गरज नाही. विडी वळून किंवा मागावर काम करून रोजचा पगार बुडवून आलेल्या आईला "काही देऊ नका, वाट बघा" हे उत्तर पचत नाही, हे मला समजतं. पण त्या सुईचे पैसे थर्मामीटरला गेले तर पुढची पाच वर्षं पुरतात.

दात येताना ताप येतो ना?

किरकिर, लाळ, फार तर कणकण. १००.४ च्या वर गेला तर कारण दुसरीकडे शोधा.

लस दिल्यावर?

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो आणि जातो. नर्सताईंनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल द्या. बाळ लहान असल्याने दोन दिवसांच्या पुढे ताप राहिला किंवा ते सुस्त वाटलं तर दाखवाच. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र आठवडाभराने येतो, तेव्हा कुणाला लस आठवत नाही.

अंगावर पुरळ उठलं. देवी आल्या म्हणून औषध बंद ठेवायचं का?

लिंबाचा पाला उशाला ठेवा, हरकत नाही. पण औषध आणि दवाखाना बंद करू नका. गोवरात न्यूमोनिया होऊ शकतो आणि डोळेही जाऊ शकतात, म्हणून अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. दृष्ट काढायची तर काढा, फक्त मिरच्यांचा धूर दम लागलेल्या पोराजवळ नको. पोटावर डाग देणं, बिब्बा घालणं हे मात्र कुणी कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी करायचं नाही.

खायला काय द्यायचं?

मागेल ते, थोडं थोडं. मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, पातळ माडगं. दही आणि केळ्याने ताप वाढत नाही. दोन दिवस जेवलं नाही तरी बिघडत नाही, पाणी मात्र पोटात जायला हवं. अंगावर पिणाऱ्याला जास्त वेळा पाजा.

डॉक्टरकडे येताना काय आणायचं?

"परवापासून सारखा ताप आहे" यातून आम्हाला काही कळत नाही. एका कागदावर असं लिहा: "मंगळवार, रात्री २.१०, १०२.६, औषध ३ मिली. ३.००, १००.८, पाणी प्यायला, झोपला." सोबत लघवी किती वेळा झाली ते. दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून आणा, "लाल रंगाचं औषध" एवढ्यावर ओळखता येत नाही. लसीकरणाचं कार्डही आणा. आणि ज्याने रात्र जागून काढली, त्यालाच पोराबरोबर पाठवा.

शाळेत कधी पाठवायचं?

औषध न देता २४ तास ताप नसेल आणि पोर नेहमीसारखं खात-खेळत असेल तर. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच, गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. सकाळी पॅरासिटामॉल पाजून परीक्षेला बसवू नका. अकरा वाजता बाईंचा फोन येतोच.